बातमीचा ठावठिकाणा पुसू नका: समाजमाध्यम कंपन्यांच्या चालकांना खुलं पत्र

प्रति,
फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, एक्स, टिकटॉक आणि अशा इतर मंचांचे चालक, तसंच फीडमध्ये कुणाला काय दिसावं हे ठरवणारे त्यांचे अभियंते

स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरच्या राजकीय बातम्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असं कुणी विचारलं की तुमच्याकडून ठरलेलं उत्तर येतं. आम्ही फक्त मंच पुरवतो, मजकूर लोक टाकतात, लोकांनी पारखून घ्यावं, माध्यमसाक्षरतेच्या मोहिमांना आम्ही हातभार लावू. ऐकायला बरं वाटतं. पण त्यात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते: लोक भोळे आहेत, हातात येईल ते खरं मानतात, त्यांना शहाणं केलं की प्रश्न मिटला. हे पत्र त्या गृहीतकाविरुद्ध आहे.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. दुसऱ्यांनी लिहिलेली कॉपी तपासायची, कापायची, हेडिंग द्यायचं, पान वेळेत सोडायचं, असं ते काम. त्यामुळे एखादी बातमी लोक कशाच्या जोरावर खरी धरतात, याकडे माझं जरा जास्तच लक्ष जातं. लोकांची पारख अजून शाबूत आहे असं माझं मत आहे. ज्या खुणांवरून ते पारख करायचे, त्या मात्र तुमच्याकडे येता येता पुसल्या जातात.

बातमी स्वतः जाऊन तपासणारा वाचक कधीच नव्हता. मंत्रिमंडळाच्या बैठकीत काय शिजलं, हे बघायला कोण जाणार? माणूस सांगणाऱ्याकडे बघतो. मार्च २०१७ मध्ये अमेरिकन प्रेस इन्स्टिट्यूट आणि असोसिएटेड प्रेस-नॉर्क केंद्र यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना फेसबुकसारखी दिसणारी एक पोस्ट दाखवली. बातमी एकच, आरोग्याविषयीची. काहींना ती त्यांचा विश्वास असलेल्या प्रसिद्ध व्यक्तीने शेअर केलेली दिसली, काहींना विश्वास नसलेल्या व्यक्तीने. बातमी देणारी संस्था काहींना नामांकित दिसली, काहींना मुळात अस्तित्वातच नसलेली. विश्वासातल्या माणसाकडून आलेली, बनावट संस्थेची बातमी लोकांना जास्त पटली. विश्वास नसलेल्या माणसाने पाठवलेली, नामांकित वृत्तसंस्थेची बातमी कमी पटली. आरोग्याच्या बातमीत हे होतं, तर राजकारणात काय होत असेल याचा अंदाज करायला संशोधक लागत नाही.

यात मूर्खपणा मला तरी दिसत नाही. ओळखीच्या, शहाण्या माणसाचं ऐकावं, हा जुना आणि बऱ्यापैकी भरवशाचा नियम आहे. तो नियम मोडला कुठे, तर पाठवणाऱ्याने शब्दाची जबाबदारी घेणं सोडलं तिथे. ‘जसं आलं तसं पाठवतोय’ ही ओळ प्रत्येकाने शेकडो वेळा वाचली असेल. पाठवणारा हात झटकतो आणि घेणाऱ्याला मात्र त्याचा चेहरा दिसतो: निवृत्त मुख्याध्यापक, कधी खोटं न बोललेली आत्या, कॉलेजात सगळ्यांत हुशार असलेला मित्र. त्या चेहऱ्याची पत मजकुराला फुकटात चिकटते. मजकूर कुठून निघाला, हे आत्यालाही ठाऊक नसतं. त्या मजकुराला किती हात लागलेत, याचा थोडाफार हिशेब फक्त तुमच्याकडे असतो.

डेस्कवर एजन्सीची कॉपी आली की पहिली नजर डेटलाइनवर जायची. गाव, तारीख, संस्थेचं नाव. गाव आणि मजकूर जुळेना, तर कॉपी बाजूला. शिळी बातमी चुकून नव्याने आली, तर ती तारखेवरून पकडली जायची. वाचकही त्याच्या परीने हेच करत होता. पक्षाचं मुखपत्र तो पक्षाचं मुखपत्र म्हणूनच वाचायचा. संपादकीय पानावरचा लेख म्हणजे मत, पहिल्या पानावरची दोन कॉलमी म्हणजे बातमी आणि कोपऱ्यात ‘जाहिरात’ असं छापलेला चौकोन म्हणजे कुणीतरी पैसे मोजलेत, हे त्याला पानाच्या मांडणीवरूनच कळायचं. (पैसे घेऊन बातम्या छापण्याचे उद्योग आमच्या धंद्यात झाले, ते नेमके याच मांडणीचा फायदा घेऊन. म्हणूनच वाचक एवढा चिडला.) शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असायची. ती ओळ कुणी वाचत नसे, पण दावा लावायचा तर कुणावर, हे तिने ठरवून ठेवलेलं असायचं.

तुमच्या फीडमध्ये या सगळ्याचा एकच आकार होतो. वृत्तसंस्थेची बातमी, पक्षाच्या आयटी सेलने बनवलेलं ग्राफिक, विनोदी पेजने काढलेला चिमटा, कुणाचा तरी रात्री उशिराचा संताप, आणि जाहिरात. सारखाच चौकोन, सारखाच टाइप, खाली सारखेच अंगठे. एवढ्यावर भागलं नाही. एक्सवरची निळी खूण, ती कंपनी ट्विटर होती तेव्हा, ‘हे खातं खरंच याच माणसाचं आहे’ एवढंच सांगायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती वर्गणी भरणाऱ्या कुणालाही मिळू लागली आणि लगेचच एली लिली या औषध कंपनीच्या नावाच्या, निळी खूण असलेल्या खोट्या खात्याने इन्सुलिन आता फुकट मिळणार असं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला माफी मागत फिरावं लागलं. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने एक्सला १२ कोटी युरोंचा दंड केला, त्यामागचं एक कारण ही दिशाभूल करणारी खूण हेच होतं. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, याच मंचाने बातम्यांच्या दुव्यांवरची हेडिंगंच काढून टाकली. फोटो तेवढा उरला. काही आठवड्यांनी हेडिंग बारीक अक्षरांत परत आलं, ही गोष्ट वेगळी.

आता एक क्लिप जवळून बघू. प्रसंग मी रचलेला आहे, पण पद्धत रोजची आहे.

एक नेता सभेत बोलतो: ‘शेतकऱ्यांना एक पैसाही देऊ नका, असं सभागृहात म्हणणारे लोक आज माझ्याकडे हिशेब मागताहेत.’ आपल्या भाषेत दुसऱ्याचं बोलणं आधी येतं आणि ‘असं म्हणणारे’ मागून येतं. कात्रीला एवढी फट पुरते. ‘देऊ नका’वर क्लिप तुटते. मग ती मोबाइलसाठी उभी कापली जाते. वाहिनीचं बोधचिन्ह कोपऱ्यात असतं, ते कापण्यात आपोआप जातं. सभेच्या मंडपावर लावलेलं गावाचं नाव आणि तारीखही जाते. खाली लाल पट्टी चढते: ‘बघा यांचं खरं रूप’. मागे गंभीर संगीत. कुणीतरी स्क्रीन रेकॉर्डिंग करून ती स्वतःच्या खात्यावर टाकतो, म्हणजे मूळ टाकणाऱ्याचं नाव गेलं. तिथून ती दुसऱ्या मंचावर जाते, प्रत्येक फेरीला जराशी धूसर होत. पुढच्या निवडणुकीत हीच क्लिप ‘आजचं भाषण’ म्हणून परत येते.

यातली एकही पायरी चोरून होत नाही. कापायचं, पट्टी लावायचं, संगीत घालायचं, पुन्हा टाकायचं, ही सगळी बटणं तुम्हीच दिलेली आहेत आणि ती वापरायला अतिशय सोपी केली आहेत. शेवटी ज्याच्या हातात ती क्लिप पडते, त्याच्याकडे तपासायला काय असतं? भाषण किती वेळाचं होतं, कुठे झालं, कधी झालं, यातलं काहीच नाही. पाठवणाऱ्याचा चेहरा तेवढा असतो. त्याला तुम्ही सांगता, पारखून घ्या.

फोटो चढवताना त्याच्या आत दडलेली माहिती तुमच्यापैकी बरेच जण पुसून टाकता, त्यात ठिकाणही जातं. सामान्य माणसाच्या घराचा ठावठिकाणा जगाला कळू नये म्हणून हे योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोटो किंवा व्हिडिओ कोणी, कधी, कशाने बनवला आणि त्यात नंतर काय बदललं, हे त्याच्यासोबत बांधून पाठवायचं एक खुलं मानक २०२१ पासून उभं राहतं आहे. सीटूपीए त्याचं नाव. अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी हे त्याच्या स्थापनेत होते. गूगल आणि मेटा (फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी) २०२४ मध्ये त्याच्या सुकाणू समितीत आल्या. समितीत बसायचं आणि तीच माहिती चढवताना गळू द्यायची, किंवा ठेवली तरी चार टॅप आत लपवायची, हे दोन्ही एकाच कंपनीत कसं चालतं, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

यावर तुमचे लोक एक अभ्यास पुढे करतात. करायलाच हवा, कारण तो चांगला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला आणि २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त निघाली. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. राजकीय खोटं सगळ्यांत दूर आणि सगळ्यांत वेगात गेलं. आणि हे यंत्रचलित खात्यांमुळे झालेलं नव्हतं. ती खऱ्याला आणि खोट्याला सारखीच ढकलत होती. ढकलणारी माणसंच होती. बघा, म्हणजे दोष माणसांचाच, असा अर्थ तुम्ही काढता.

माणसांना धक्कादायक गोष्ट सांगायला आवडते, हे मान्य. चहाडीला पाय फुटतात हे कुणाला नव्याने शिकवायची गरज नाही. पण फेसबुकने २०१७ पासून रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे त्याच्या अंतर्गत कागदपत्रांतून २०२१ मध्ये बाहेर आलं. रागाचे इमोजी मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोटी आणि हलक्या दर्जाची माहिती जास्त असते, हे कंपनीच्याच विश्लेषकांना २०१९ मध्ये दिसलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ते वजन शून्यावर आणलं, तेव्हा लोकांना दिसणारी चुकीची माहिती कमी झाली आणि लोकांचा वापर काही घटला नाही. म्हणजे इतकी वर्षं ते वजन कशासाठी होतं? तुम्ही स्वतःला पोस्टमन म्हणवता. भांडणाची पत्रं वेगळी काढून ती आधी वाटणारा पोस्टमन कुठे असतो?

याहून मोठी काळजी मला दुसरीच वाटते. लोक खोट्यावर विश्वास ठेवतात, यापेक्षा ते खऱ्यावरही ठेवेनासे झाले आहेत. रॉयटर्स इन्स्टिट्यूट दरवर्षी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना विचारतं, बहुतेक बातम्यांवर बहुतेक वेळा विश्वास ठेवता का? होय म्हणणारे २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ४० टक्क्यांच्या आसपास राहिले. कोणी म्हणेल, बरंच आहे, शंका घेणारा नागरिक लोकशाहीला हवाच. हवा, पण शंका घेणारा आणि हात झटकणारा यांत फरक आहे. शंका घेणारा पुढे जाऊन विचारतो, कागद कुठे आहे? हात झटकणारा म्हणतो, सगळे तसलेच, जाऊ द्या. हा दुसरा माणूस सत्तेवर असलेल्या कुणालाही फार सोयीचा असतो. त्याच्यासमोर घोटाळ्याचा खराखुरा पुरावा ठेवा, तो म्हणेल, हल्ली काय काहीही बनवता येतं.

हे अगदी असंच घडतंय. सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात मतदानाच्या दोन दिवस आधी, प्रचारबंदी असताना, एक ध्वनिफीत फिरली. एका पक्षाचे नेते एका पत्रकाराशी मतांच्या खरेदीविषयी बोलताहेत, असा तिचा आव होता. फीत बनावट असल्याचं सांगण्यात आलं, पण प्रचारबंदीत ते सांगायला वेळ आणि जागा दोन्ही अपुरी होती. हा झाला एक प्रकार. त्याची उलटी बाजू ऑगस्ट २०२४ मध्ये दिसली. डेट्रॉइटच्या विमानतळावर कमला हॅरिस यांच्या सभेला जमलेल्या गर्दीचा फोटो एआयने बनवलेला आहे, तिथे कुणी नव्हतंच, असं डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्रुथ सोशल या स्वतःच्या मंचावर लिहिलं. गर्दी खरी होती. अनेक माध्यमांचे छायाचित्रकार तिथे उभे होते, व्हिडिओ होते. तरीही तो दावा फिरला. बनावट गोष्टी जितक्या वाढतात, तितकं खऱ्याला बनावट म्हणणं स्वस्त होतं, असा इशारा रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या अमेरिकी कायदेतज्ज्ञांनी २०१९ मध्येच देऊन ठेवला होता. अशा वेळी मूळ फोटोसोबत त्याचा जन्मदाखला सगळ्यांना दिसेल असा लावलेला असता, तर वाद निदान पुराव्यावर झाला असता.

तुम्ही काहीच केलं नाही, असं म्हणणार नाही. डिसेंबर २०१६ पासून फेसबुकने बाहेरच्या तथ्यतपासणी संस्थांना सोबत घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने अमेरिकेत ती योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि तिच्या जागी वापरकर्त्यांनीच जोडायच्या टिपा आणल्या. मला दोन्हीविषयी फार प्रेम नाही. तपासणारे मोजके आणि दावे असंख्य; त्यात काही पोस्टवर ‘खोटं’ असा शिक्का बसला की शिक्का नसलेल्या खोट्या पोस्ट लोकांना आणखी खऱ्या वाटू लागतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे. वापरकर्त्यांच्या टिपेवर वेगवेगळ्या मतांच्या लोकांचं एकमत व्हावं लागतं. तापलेल्या राजकीय प्रश्नावर ते होईपर्यंत पोस्ट गावभर फिरून आलेली असते.

आणि दुरुस्ती पोचते कुणाला? वर्तमानपत्रं खुलासा आतल्या पानावर कोपऱ्यात टाकतात, ही आमची खोड जुनी आहे आणि तिचं समर्थन करता येणार नाही. पण निदान तो खुलासा त्याच वाचकाच्या घरी, त्याच अंकात जातो. तुमच्याकडे खोटी पोस्ट काढून टाकली की ती नुसती नाहीशी होते. ज्यांनी पाहिली, मानली, चार जणांना सांगितली, त्यांना काही कळतच नाही. कुणी ती पाहिली, याची नोंद तुमच्याकडे आहे. त्या नोंदीवर तर तुमच्या जाहिराती चालतात. जी पोस्ट चुकीची ठरली, तिची दुरुस्ती ती पाहिलेल्या प्रत्येकाच्या फीडमध्ये, पहिल्या पानावर म्हणता येईल अशा जागी दाखवा. मी सरकारांना सत्याचा ठेका द्या असं म्हणत नाही, तुम्हालाही देत नाही. खरं-खोटं कोण ठरवणार, हा वाद चालू राहील आणि राहावा. चूक झाल्याचं मूळ टाकणाऱ्याने किंवा तुम्ही स्वतः मान्य केलं असेल, निदान तेवढ्यापुरतं तरी हे करा.

जमत नाही, असं सांगू नका. वेग कमी करायचा म्हटलं की तुम्हाला तो कमी करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एकावेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असे निरोप ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. हे करताना कुणाचा निरोप उघडून वाचावा लागला नाही. किती वेळा पुढे गेला याची मोजणी निरोपासोबतच कुलूपबंद प्रवास करते. मग त्याच पद्धतीने, निरोप न वाचता, ‘हा व्हिडिओ प्रथम अमुक महिन्यात फिरू लागला’ एवढी तारीख सोबत का जाऊ शकत नाही? टाकणाऱ्याचं नाव नको. अनेक ठिकाणी खरं बोलणाऱ्याला नाव लपवावंच लागतं, त्याचा जीव धोक्यात घालून मला डेटलाइन नको. तारीख चालेल. मूळ व्हिडिओ किती मिनिटांचा होता, हे कळलं तरी चालेल.

ट्विटरने २०२० मध्ये आणखी एक साधी गोष्ट करून पाहिली होती. न उघडलेला लेख कुणी पुढे पाठवू लागला की ‘आधी वाचायचा आहे का?’ असं विचारलं. ही सूचना दिसल्यावर लोकांनी लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढल्याचं कंपनीने सांगितलं. त्याची गरज किती आहे, हे २०२४ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आलेल्या अभ्यासावरून दिसतं: २०१७ ते २०२० मधल्या फेसबुकवरच्या साडेतीन कोटींहून अधिक सार्वजनिक पोस्टमध्ये सुमारे ७५ टक्के दुवे न उघडताच पुढे गेले होते. हा प्रश्न विचारायला एक ओळ लागते. प्रत्येक राजकीय दुव्यावर, सगळ्या मंचांवर ती आली तर कुणाचं स्वातंत्र्य बुडत नाही.

शेवटचा मुद्दा आमच्यासारख्यांच्या कामाचा. कोणती राजकीय पोस्ट कुठून निघाली आणि कशी पसरली, हे बाहेरच्या पत्रकारांना आणि संशोधकांना पाहता यावं म्हणून मेटाकडे क्राउडटँगल नावाचं साधन होतं. अनेक देशांत निवडणुका असलेल्या वर्षात, १४ ऑगस्ट २०२४ रोजी, ते बंद करण्यात आलं. त्याच्या जागी जे दिलं, त्यात प्रवेश मिळवायला अर्ज करावा लागतो आणि नफ्यासाठी चालणाऱ्या बहुतेक वृत्तसंस्था त्याच्या बाहेर राहतात. आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवा, असं तुम्ही म्हणत असाल, तर तपासायची खिडकी बंद करून ते म्हणता येणार नाही. क्राउडटँगल किंवा त्याच्या तोडीचं साधन वृत्तपत्रांच्या डेस्कना पुन्हा खुलं करा, आणि कधी करणार ते कळवा.

आपला,
डेस्कवरचा एक जुना उपसंपादक